खान्देशातून मेकॅट्रॉनिक्समध्ये मास्टर्स करायचं तर नेमकं काय काय करावं लागतं

पहिले हे ठरवा की मास्टर्स कशासाठी करून ऱ्हायले. प्लेसमेंट लागलं नाही, घरी बसलं की चार लोक विचारतात, म्हणून दोन वर्षं ढकलायची असतील तर हा विषय घेऊ नका भो, त्यापेक्षा सोप्या ब्रँचेस आहेत. कारण मेकॅट्रॉनिक्सच्या वर्गात मेकॅनिकलवाला, इलेक्ट्रिकलवाला, ईएनटीसीवाला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाला असे सगळे एकाच बाकावर येतात आणि पहिल्या सेमिस्टरला प्रत्येकाला दुसऱ्याचा विषय झेपवावा लागतो. मेकॅनिकलवाल्याला एम्बेडेड सी येत नाही, ईएनटीसीवाल्याला डायनॅमिक्स येत नाही, आणि कंट्रोल थिअरीचं गणित बहुतेक कोणालाच धड येत नाही.

आणि हीच खरी गोष्ट आहे, बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. लोक समजतात मेकॅट्रॉनिक्स म्हणजे थोडं मेकॅनिकल, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडं कोडिंग. तसं करून पास होता येतं, पण इंटरव्ह्यूत ना डिझाइनवाला घेतो ना कोडिंगवाला. कणा एकच, कंट्रोल. म्हणजे सेन्सरने मोजायचं, किती चुकतंय ते काढायचं, मोटर नाहीतर व्हॉल्व्हला हुकूम द्यायचा आणि परत मोजायचं, हे चक्र किती वेगाने आणि किती विश्वासाने फिरतंय ते गणितात मांडता आलं पाहिजे. ते आलं की बाकीचं त्याला लटकवता येतं.

हे समजायला जर्मनीला जायची गरज नाही, जळगावच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही डाळ मिलमध्ये जा आणि सॉर्टेक्स बघा. वरून डाळ उतरत्या पन्हाळीवरून घसरत खाली येते, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो, काळा किंवा सालवाला दाणा दिसला की खाली हवेचा एक बारीक झोत सुटतो आणि तो दाणा बाजूच्या कप्प्यात उडतो. आता हिशोब करा. दाणा अर्धा मीटर मोकळा पडला असं धरलं (पन्हाळीवर घर्षण असतं म्हणून प्रत्यक्षात कमी भरेल, पण अंदाज येतो) तर त्याचा वेग सेकंदाला साधारण ३.१ मीटर होतो. म्हणजे एका मिलीसेकंदात दाणा ३ मिलिमीटर सरकला, तुरीच्या दाण्याच्या जवळजवळ अर्धा. कॅमेऱ्याचं एक्सपोजर, प्रोसेसरने निर्णय घेणं, व्हॉल्व्हची कॉइल ओढली जाणं, हवा नोझलपर्यंत येणं, हे सगळं मिळून १० मिलीसेकंद लागले तर दाणा तोपर्यंत ३ सेंटिमीटर खाली गेलेला असतो. म्हणून नोझल कॅमेऱ्याच्या तेवढं खाली बसवतात. पण हा वेळ दर वेळी सारखा नसला, कधी ९ कधी ११ झाला, तर झोत शेजारच्या चांगल्या दाण्याला लागतो आणि मालकाची डाळ कचऱ्यात जाते. ऑप्टिक्स, न्युमॅटिक्स, रिअल टाइम सॉफ्टवेअर, मेकॅनिकल अलाइनमेंट, सगळं त्या एका मशीनमध्ये आहे.

दुसरं उदाहरण शेतातलं. ठिबकमधून विद्राव्य खत सोडतो तेव्हा प्रेशरचा बदल पाइपात लगेच पोचतो पण खत पाण्याच्याच वेगाने जातं. पाणी सेकंदाला अर्धा मीटर चालत असेल आणि सेन्सर १०० मीटर लांब असेल तर खत वाढवल्यावर सेन्सरला कळायला २०० सेकंद. तेवढ्यात साधा पीआयडी कंट्रोलर (चूक बघून हुकूम कमीजास्त करणारा) घाबरून अजून खत ओततो, मंग जास्त झालं म्हणून बंद करतो, आणि असंच खालीवर चालू राहतं. याला डेड टाइम म्हणतात आणि त्यावरचा एक उपाय ऑटो स्मिथ नावाच्या माणसाने १९५७ साली मांडला, स्मिथ प्रेडिक्टर. मास्टर्सला हा शिकवतील तेव्हा पुस्तकात केमिकल प्लांटचं चित्र असेल, तुम्ही केळीच्या बागेचं डोळ्यासमोर आणा, लगेच बसेल.

अॅडमिशनच्या आधी काय भरून काढायचं

लिनिअर अल्जेब्रा सगळ्यांनी. आयगेन व्हॅल्यू नुसती काढता येणं नाही, तिचा अर्थ कळला पाहिजे. स्टेट स्पेसमध्ये (सिस्टीम मॅट्रिक्सने मांडायची पद्धत) सिस्टीम स्थिर आहे की नाही ते आयगेन व्हॅल्यूच सांगते, कंट्रोलेबिलिटी (सिस्टीम हवी तिथे नेता येते का) आणि ऑब्झर्व्हेबिलिटी (बाहेरून मोजून आतलं कळतं का) दोन्ही मॅट्रिक्सच्या रँकवर येतात, पुढे काल्मन फिल्टर (गोंधळ असलेल्या मोजमापातून खरी स्थिती काढायची पद्धत) आला की त्यात मॅट्रिक्सशिवाय काहीच नसतं. बी.ई. ला एम-थ्री मध्ये लाप्लास पाठ करून पेपर सोडवला असेल तर तो परत काढा आणि यावेळी समजून करा.

मेकॅनिकलवाल्यांनी सर्किट, ऑप-अॅम्प, एच-ब्रिज आणि सी लँग्वेज. सी म्हणजे पॉइंटर, स्ट्रक्चर, बिट ऑपरेशन, इंटरप्ट, टायमर. आर्डुइनोची तयार लायब्ररी चिकटवून एलईडी लावला म्हणजे एम्बेडेड आलं असं नाही, एसटीएम३२ ह्या मायक्रोकंट्रोलरचा एखादा स्वस्तातला बोर्ड घ्या आणि डेटाशीट वाचून टायमर स्वतः सेट करा, दोन आठवडे डोकं दुखेल पण परत कधी अडणार नाही. इलेक्ट्रिकल-ईएनटीसीवाल्यांनी उलटं करायचं, फ्री बॉडी डायग्राम, जडत्व, गिअर रेशो, बेअरिंग, टॉलरन्स, आणि ड्रॉइंग वाचायला शिका. मशीन शॉपवाल्याला नुसतं "ह्या शाफ्टसाठी चाकाला भोक पाडून द्या" सांगितलं आणि फिट किती ठेवायचा ते सांगितलंच नाही, मग चाक शाफ्टवर सैल फिरतं आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो.

हे सगळं एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) फुकट आहे. मॅटलॅब कॉलेजात असेल तर वापरा, नसेल तर चोरीचं टाकायच्या भानगडीत न पडता सायलॅब घ्या, फुकट आहे, त्यात सिम्युलिंकसारखं एक्सकॉस येतं, आणि आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतले व्हिडिओपण सापडतात. पायथॉन तर लागणारच.

एक मोटर घ्या आणि तिच्यामागे लागा

माझं मत विचाराल तर दहा कोर्सेसच्या सर्टिफिकेटपेक्षा हे एक काम भारी. एनकोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) असलेली गिअरवाली डीसी मोटर, एक मोटर ड्रायव्हर, एक कंट्रोलर बोर्ड, बस.

पहिले मोटरला एकदम ठरावीक व्होल्टेज द्या आणि स्पीड लॉग करा. ग्राफ वर चढून सपाट होतो. शेवटच्या स्पीडच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागला तो टाइम कॉन्स्टंट, आणि शेवटचा स्पीड भागिले व्होल्टेज म्हणजे गेन. झालं तुमचं फर्स्ट ऑर्डर मॉडेल. आता हे मॉडेल सायलॅबमध्ये टाका, पीआय कंट्रोलर डिझाइन करा, मग तोच कंट्रोलर खऱ्या मोटरवर चालवा आणि दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवा. जुळणार नाहीत. का जुळत नाहीत ते शोधणं हाच खरा अभ्यास. कमी व्होल्टेजला मोटर हलतच नाही कारण घर्षण आहे. सप्लाय १२ व्होल्टचा आहे आणि कंट्रोलर २० मागतोय, म्हणजे सॅच्युरेशन, आणि तेवढ्या वेळात इंटिग्रल फुगत जातो म्हणून मोटर टार्गेटच्या पुढे पळते, त्याला अँटी-वाइंडअप लावा. एनकोडरचे पल्स कमी असले की हळू स्पीडला रीडिंग उड्या मारतं, मग पल्स मोजण्याऐवजी दोन पल्समधला वेळ मोजा. लूप किती वेळा चालवायचा तेही बघा, क्लोज्ड लूप बँडविड्थच्या दहा-वीस पट सॅम्पलिंग ठेवलं तर सहसा त्रास होत नाही.

एवढं झालं की त्याच मोटरला पोझिशन कंट्रोल, मग स्टेट फीडबॅक, मग स्पीड न मोजता ऑब्झर्व्हरने काढायचा. जमलं तर डीसी मोटर काढून बीएलडीसी (ब्रश नसलेली मोटर) लावा आणि फील्ड ओरिएंटेड कंट्रोल करून बघा, ईव्हीवाल्या कंपन्या हेच विचारतात. सगळ्याचं रिपोर्ट लिहून गिटहबवर टाका, ग्राफसकट, न जुळलेल्या ग्राफसकट. लाइन फॉलोअर रोबोट कोणीही करतं, त्याने आता कोणी हलत नाही.

प्रोजेक्ट आपल्याच भागातून उचला

एसओपीत (अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन) "लहानपणापासून मला मशीनची आवड होती" असं लिहिणारे भरपूर. तुम्ही लिहा की अमुक पाइप कारखान्यात एक्सट्रूडरच्या (प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन) हीटर झोनचं तापमान खालीवर होत होतं आणि पाइपाची जाडी बदलत होती, मी डेटा घेतला, असं असं निघालं. जळगावला पीव्हीसी पाइप आहे, चटई आहे, डाळ मिल आहे, ठिबकचं तर गावच आहे, शिरपूरला कापड, दोंडाईचाकडे मिरची, रावेर-यावल पट्ट्यात केळी पिकवायच्या कोल्ड रूम, भुसावळला रेल्वे आणि दीपनगरचं पॉवर स्टेशन. सगळीकडे सेन्सर, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं युनिट), पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आहेत आणि सगळीकडे काहीतरी अडलेलं आहे.

कसं जायचं? सीझन जोरात असताना जाऊ नका, शेठ दारातूनच परत पाठवतील. पावसाळ्यात काम हलकं असतं तेव्हा ओळख काढून जा, नातेवाइकात कोणी ना कोणी तिथे कामाला असतोच. मालकापेक्षा फिटर दादांशी आधी बोला, चहा घ्या, आणि "दादा, हे मशीन जास्त त्रास कधी देतं?" एवढंच विचारा. बिघाडाची अख्खी हिस्ट्री त्यांच्या डोक्यात असते. मे महिन्यात शेडमध्ये उन्हाने ड्राइव्ह ट्रिप होतात आणि पॅनलचं दार उघडून समोर टेबल फॅन लावलेला असतो, हे दृश्य आपल्याकडे नवं नाही. त्यावर सुद्धा चांगला प्रोजेक्ट होतो, पॅनलमधली उष्णता किती, फिल्टर किती तुंबला, ड्राइव्ह ओव्हररेटेड घ्यायचा का, आणि दार उघडं ठेवून आत धूळ गेली तर पुढे काय. चालू मशीनच्या पॅनलमध्ये मात्र एकट्याने हात घालायचा नाही, ४१५ व्होल्ट आहे ते.

शेतीवाल्या घरातले असाल तर विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आणि ऑटो बघा. लाइट रात्री येते, ऑटो असलं की मोटार आपोआप सुरू होते, विहिरीत पाणी नसलं तर कोरडी चालते आणि जळते. करंट बघून ड्राय रन ओळखायचा, एक फेज गेला तर बंद करायची, व्होल्टेज पडलं तर थांबायचं. बाजारात हे मिळतं हो, पण स्वतः मॉडेल करून, थ्रेशोल्ड कसे ठरवले ते लिहून दाखवणं वेगळं.

भारतात करायचं तर गेट

एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेला मेकॅट्रॉनिक्सचा वेगळा पेपर नाही. आपल्या ब्रँचचा द्यायचा, एमई (मेकॅनिकल), ईई (इलेक्ट्रिकल), ईसी (इलेक्ट्रॉनिक्स), आयएन (इन्स्ट्रुमेंटेशन) जो असेल तो. ३ तास, ६५ प्रश्न, १०० मार्क, त्यात १५ मार्क अॅप्टिट्यूड, आणि एमईसारख्या पेपरात १३ मार्कांचं गणित, म्हणजे २८ मार्क ब्रँचच्या बाहेरचे, ते सोडणं म्हणजे वेडेपणा. स्कोर ३ वर्षं चालतो आणि तिसऱ्या वर्षाला असतानाच देता येतो, त्यामुळे एकदा थर्ड इयरला देऊन टाका. एक बारीक गोष्ट, एमईच्या सिलॅबसमध्ये कंट्रोल सिस्टीम नाहीच, ईई, ईसी आणि आयएन मध्ये आहे. म्हणजे मेकॅनिकलचा पोरगा चांगला स्कोर आणूनसुद्धा कणाच न शिकता वर्गात बसतो, म्हणून वरचं मोटरवालं काम त्याने गेट झाल्यावर, फेब्रुवारी ते जुलैमध्ये करून टाकायचं.

नाव मेकॅट्रॉनिक्सच पाहिजे असा हट्ट नको. सुरतकलच्या एनआयटीत, आयआयटी पाटण्याला, वेल्लोरच्या व्हीआयटीत त्याच नावाने एम.टेक. आहे, पण आयआयटी बॉम्बेचं सिस्टीम्स अँड कंट्रोल, बंगलोरच्या आयआयएस्सीचं रोबोटिक्स अँड ऑटोनॉमस सिस्टीम्स हे पण याच घरातले. कोणत्या कोर्सला कोणता पेपर चालतो ते त्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये बघा, दरवर्षी थोडंफार बदलतं. आयआयटीला प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरायचा आणि ऑफर सीओएपी पोर्टलवर स्वीकारायची, एनआयटीचं सीसीएमटीतून होतं, आणि ह्या दोघांची गल्लत करून तारीख घालवणारे दरवर्षी असतात. राज्यातल्या कॉलेजांचं सीईटी सेलच्या कॅपमधून, तिथे गेटवाल्यांना आधी, मग बाकीच्यांना. गेटवरून लागलं तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, थोडा उशिराने का होईना. जेवण-खोली निघते, गावी पाठवायला काही उरत नाही.

जर्मनी

बाहेर जाणाऱ्यांत जर्मनीच का, तर बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही, फक्त सेमिस्टर काँट्रिब्युशन. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे, म्हणजे वाइनगार्टनचा कोर्स आवडला तर हे धरून चाला. सीगन, आखेनची एफएच अशा ठिकाणी इंग्रजीतून मेकॅट्रॉनिक्स मास्टर्स आहे. टीयू (टेक्निकल युनिव्हर्सिटी) म्हणजे थिअरी जास्त, हॉखशूले किंवा एफएच म्हणजे इंडस्ट्रीकडे झुकलेलं, यात वरचं-खालचं काही नाही, पुढे पीएचडी करायची नसेल तर एफएच बिनधास्त घ्या.

मार्क ते त्यांच्या पद्धतीने बदलतात. १० मधून तुमचे मार्क वजा करा, त्याला १० वजा पासिंगने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. ७.६ सीजीपीए आणि पासिंग ४ असेल तर २.२ येतो, पण पासिंग ५ धरलं तर तोच पोरगा २.४४ वर जातो. तिकडे कमी आकडा चांगला, आणि बऱ्याच ठिकाणी २.५ च्या आत मागतात. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर किमान पासिंग ग्रेड नीट छापून आली का ते बघा, कॉलेज उमविचं (जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) असो नाहीतर लोणेरेच्या बाटूचं (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ). ट्रान्सक्रिप्टचा अर्ज शेवटच्या सेमिस्टरच्या सुट्टीतच करून टाका, ऑफिसात "उद्या या" किती दिवस चालेल ते कोणाच्या हातात नाही.

मग एपीएस, म्हणजे आपली कागदपत्रं खरी आहेत का ते तपासून मिळणारं सर्टिफिकेट. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना हे सर्टिफिकेट लागतंच, फी १८,००० रुपये, आणि ते यायला वेळ लागतो. ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला जायचं तर आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात कागद गोळा करायला लागा, दिवाळीच्या आत एपीएस आणि आयएल्टीएस उरका (६.५ बहुतेक ठिकाणी चालतो), नवीन वर्षात फॉर्म. जर्मन भाषा अॅडमिशनला लागत नाही म्हणून सोडू नका, नोकरीला लागते, निदान बी-वन लेव्हल करून ठेवा.

पैशाचं नीट बसून बघा

जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, रुपयांत बारा लाखाच्या आसपास. हा पैसा तुमचाच असतो, दर महिन्याला ९९२ युरो परत मिळतात, पण आधी एकरकमी उभा करावा लागतो आणि इथेच आपल्याकडची घरं अडतात. साडेसात लाखाच्या वर एज्युकेशन लोन गेलं की बँक तारण मागते, आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. बापाकडे दहा एकर बागायती असली तरी मॅनेजर विचारणार, "एन.ए. (बिगरशेती) प्लॉट आहे का? शहरात घर आहे का?" गावठाणातल्या घराचे कागदपण पुष्कळ वेळा त्यांना चालत नाहीत. म्हणून अॅडमिशन लेटर यायच्या आधीच बँकेत जाऊन विचारा, मामाचा किंवा काकांचा प्लॉट लावायचा असेल तर तेही आधी घरात बोलून घ्या, ऐन वेळी त्यांनाही अवघड जातं. विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनही बँकेला अर्ज टाकता येतो. केळीचा भाव पडला की हप्ता भरता येणार नाही असं घरचे म्हणतील, बरोबरच म्हणतील, तेव्हा शिकताना फक्त व्याज भरायचं की तेही पुढे ढकलायचं ते लेखी विचारून घ्या.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विद्यार्थ्यांना केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. नंदुरबार, साक्री, चोपड्याकडच्या पोरांनी ह्याची चौकशी पहिल्या दिवशीच करावी, युनिव्हर्सिटी निवडतानाच त्यांच्या अटी बघाव्यात, नाहीतर अॅडमिशन एकीकडे आणि अट दुसरीकडे होते. जर्मनीत शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, २०२४ च्या मार्चपासून तसा नियम आहे, पण पहिल्या सेमिस्टरला कामाच्या मागे लागू नका, परीक्षा अवघड असतात.

लागल्यावर

पहिल्या सेमिस्टरला इलेक्टिव्ह निवडताना एआय, मशीन लर्निंग असं नाव दिसलं की सगळे तिकडे पळतात. एक घ्या, हरकत नाही, पण नॉनलिनिअर कंट्रोल किंवा ऑप्टिमल कंट्रोल कोणी शिकवत असेल तर तो सोडून नाही. रोबोटिक्स घेतलं तर रॉस-टू (रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर) शिका, आणि डेनाव्हिट-हार्टेनबर्गचे (रोबोटच्या सांध्यांची भूमिती मांडायचे) चार पॅरामीटर हाताने एकदा तरी सहा अॅक्सिसच्या आर्मसाठी काढा, सॉफ्टवेअरने काढलेलं डोक्यात राहत नाही. पीएलसी मास्टर्सला फारसं शिकवत नाहीत, पण नोकरीला लागतं, लॅडर आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ह्या त्याच्या दोन भाषा सुट्टीत गावी आल्यावर एखाद्या पॅनलवाल्याकडे बसून शिकून घ्या, आपल्या एमआयडीसीत सीमेन्स आणि डेल्टा दोन्ही बघायला मिळतील.

थीसिसचा गाइड निवडताना सरांचं नाव किती मोठं ते बघू नका, त्यांच्या लॅबमध्ये खरं चालणारं हार्डवेअर आहे का ते बघा, आणि मागच्या वर्षीच्या सिनियरला विचारा की आठवड्यातून एकदा तरी भेटतात का. जर्मनीत शेवटची सेमिस्टर जवळजवळ अख्खी थीसिसलाच जाते आणि ती कंपनीत करता येते, तिथूनच पुढची नोकरी लागायचा चान्स जास्त, म्हणून तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच कंपन्यांना मेल टाकायला लागा, आणि मेलमध्ये गिटहबची ती मोटरवाली लिंक वरच ठेवा.